ट्रास्कच्या घराचा कठडा

ट्रास्कचं घर व्हर्ना हॅस्केलनं मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. क्विन्स रस्त्यावरची बाकीची घरं चर्चच्या हॉलमधल्या लांब टेबलावर तयार उभी होती. काळ्या कार्डपेपरची, वीतभर उंचीची, पात्यानं कोरून काढलेली. प्रत्येक खिडकीला आतून पिवळा पतंगी कागद. आत बॅटरीवरची मेणबत्ती ठेवली की घर जागं व्हायचं. खरी मेणबत्ती नको, हे सगळ्यांनी न बोलताच ठरवून टाकलं होतं.

व्हर्नाचं काम बघत राहावं असं. समोर फोटो नाही, कच्चं चित्र नाही. इतकी वर्षं जाता-येता जे बघितलं ते सरळ पात्यातून उतरायचं. पोर्चचे नक्षीदार खांब, कुणाच्या छपरावरचा वाकलेला वातकुक्कुट, जोलीन पाइकच्या माळ्याची तिरकी खिडकी. जोलीननं आपलं घर उचललं ते बराच वेळ खाली ठेवलंच नाही. एरवी ती कुणाचं कौतुक करणारी बाई नव्हे, नवऱ्याचंसुद्धा नाही.

“माळ्याची तडकलेली काचसुद्धा सोडली नाहीत तुम्ही,” ती व्हर्नाला म्हणाली. “लोकांच्या घरातलं चांगलं काही दिसत नाही वाटतं तुम्हाला?” बोलताना तिचं बोट मात्र त्या काचेवरून फिरत होतं.

हॅलोवीनच्या संध्याकाळी ज्या दारात दिवा, त्याच दारी मुलं खाऊ मागायला जातात. अंधाऱ्या घराला कुणी त्रास देत नाही. ओपल ट्रास्क गेल्यापासून तिच्या नवऱ्यानं, एल्डननं, दारात दिवा लावला नव्हता. ओपल असताना मुलं आधी त्याच घराकडे धावायची, कारण ती मक्याच्या लाह्यांचे पाकातले लाडू करायची. व्हर्नाची ती जिवाभावाची मैत्रीण. यंदा आपल्या रस्त्यावरचं एकही घर अंधारात राहता कामा नये, असा व्हर्नानं हट्टच धरला होता.

दुपारी एल्डन हॉलमध्ये आला, दुसऱ्याचा वाटावा असा ढगळ कोट घालून. माझं घर करू नकोस, असा निरोप त्यानं आधी पाठवला होता. आता तेच तोंडावर सांगायला आला होता. व्हर्नानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि छपराच्या कडेला गोंद लावत राहिली. भांडायला आलेला माणूस निदान समोरची वस्तू बघतो तरी, हे तिला ठाऊक होतं.

एल्डन बघत राहिला. मग म्हणाला, “कठडा चुकला.”

“काही चुकलेला नाही. जन्मभर समोर राहिलेय मी.”

“समोरून तुला काय दिसणार? डावीकडची एक फळी नाही त्याला. ओपलनं काढायला लावली. मांजरीला उडी मारावी लागते म्हणे.”

“मांजरीसाठी कठडा मोडलास?”

“म्हातारी झाली होती बिचारी. मांजर.” तो म्हणाला. “दरवर्षी म्हणायचो, बसवून टाकतो फळी. बरं झालं नाही बसवली.”

व्हर्नानं पातं त्याच्या पुढ्यात सरकवलं. “घर तुझं आहे. तूच काढ.”

एल्डनचा जन्म लाकडाच्या गिरणीत गेलेला. बोटं जाडजूड, फळ्या उचलून राठ झालेली. त्यानं श्वास रोखला, अंगठा टेकवला आणि काडीएवढी पट्टी अलगद कापून काढली. कडा अशी स्वच्छ, की सकाळपासून कौतुक ऐकत बसलेल्या व्हर्नाला आपलं सगळं काम त्यापुढे फिकं वाटलं. तिला मनापासून आनंद झाला.

पट्टी खिशात घालून एल्डन वळला आणि इथल्या स्वयंपाकघरात साखर कुठे ठेवतात, असं त्यानं जोलीनला विचारलं.

हॅलोवीनला दिवस मावळताच मुलं क्विन्स रस्त्यावर आली. सांगाडे, भुतं, एक डोळा बांधलेला समुद्री चाचा. दोन्ही बाजूंना पिवळ्या खिडक्या उजळल्या होत्या आणि प्रत्येकीमागे घरवाले खाऊ घेऊन हजर होते. जोलीनची मुलगी चेटकिणीची टोपी सावरत ट्रास्कच्या पायऱ्यांशी अडखळली. इथून सरळ पुढे जायचं, हीच तिला सवय. एल्डन वरच्या पायरीवर लाडवांचं पातेलं मांडीवर घेऊन बसला होता.

“ये की,” तो म्हणाला. “दिवा दिसत नाही का?”

ती पळतच पायऱ्या चढली. तिच्यामागून बाकीचे सगळे. रस्त्यापलीकडे उभी असलेली व्हर्ना डोळे पुसायचंही विसरली. एल्डनच्या शेजारी, डावीकडची फळी नसलेला कठडा मिरवत, कागदाचं घर तेवत होतं. त्याच्या पाठीमागे, पायऱ्या संपत होत्या तिथे, राखेनं काळी पडलेली जमीन आणि एकटं धुराडं होतं. ऑगस्टमधल्या वणव्यानंतर क्विन्स रस्त्यावर घरं होती ती एवढीच, व्हर्नानं कापलेली.