चांगलंच भाजलं

अनसूयाबाईंनी दुधाचं तापलेलं पातेलं नेहमीसारखं उघड्या हातांनी उचललं. त्यांच्या तरुणपणी कुष्ठरोगावरचं औषध गावात उशिरा पोचलं, आणि तोवर त्यांचे दोन्ही हात बधिर झाले होते. भाजलेलंसुद्धा दुसऱ्यानं दाखवल्यावर कळायचं.

आता डॉक्टरांनी दोन्ही हातांत तिसरं आणि शेवटचं इंजेक्शन दिलं होतं. माणसाच्या शरीरातलंच एक प्रथिन त्यांनी प्रयोगशाळेत तयार केलं होतं. ते दुरुस्तीच्या पेशींना हाक मारून मेलेल्या नसांपाशी आणतं म्हणे. याही वेळी पेशी आल्या नाहीत, तर प्रयोग बंद होणार होता.

"आई गं!"

पातेलं आदळलं. दूध जमिनीवर पसरलं. नवरा, तुळशीराम, धावत आला.

"काय झालं?"

"भाजलं! अहो, मला भाजलं! चांगलंच भाजलं!"

कुष्ठरोग्यांच्या वसाहतीतल्या बाया गोळा झाल्या. "काकू, हात पाण्यात घाला आधी!"

"थांबा गं, जरा दुखू तर द्या."

हसत हसत त्यांनी दुसरा हात नवऱ्याच्या गालावर ठेवला. दोघांचं लग्न या वसाहतीतच झालं होतं, हात बधिर झाल्यानंतर.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "तुमची दाढी टोचते की हो!"