खूण केलेल्या पेशी

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मेम्फिसच्या प्रयोगशाळेत डार्लीनने काचेची बशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. सात वर्षांच्या टेसाचा रक्ताचा कर्करोग उलटला होता. बशीत त्या कर्करोगाच्या पेशी होत्या.

मार्चमध्ये टेसाच्या हाडांतली मज्जा काढून ठेवली होती आणि जबर केमोनंतर तिची तिलाच परत चढवली होती. चढवण्यापूर्वी डार्लीनने त्या मज्जेतल्या काही पेशींना विषाणूकरवी एक जनुक खूण म्हणून दिलं होतं. खुणेची पेशी एका प्रतिजैविकात जगते, बाकीच्या मरतात. बशीत दोन आठवडे तेच औषध होतं. सगळ्या पेशी मेल्या, तर रोग परत आणल्याचा आळ मज्जेवर येणार नव्हता.

"साफ झाली ना बशी?" डॉक्टर प्रुएटनी दारातूनच विचारलं.

"नाही डॉक्टर, पेशींचे चार ठिपके मस्त पोसलेत. एरवी पेशी अशा जगल्या की तुम्ही डोनट आणता."

"म्हणजे रोग आपणच तिला परत दिला." ते आत आले. "आज कुणाची मज्जा चढवायचीय?"

डार्लीनने वॉर्डला फोन लावला.


पाच वर्षांच्या डेव्हनला लावलेली त्याच्याच मज्जेची पिशवी तोवर निम्मी उतरली होती.