हिरवी पुडी

मीटिंगमधले कागद पडद्यावर दाखवणारा जुना कॅमेरा चेनहाओने तैपेईतल्या आपल्या दुकानात सूक्ष्मदर्शक म्हणून बसवला होता. आज त्याखाली पेइयुनच्या वडिलांच्या ऑक्सिजन यंत्राचं सर्किट होतं. घरी उसना सिलिंडर संपत आला होता.

"यंत्राशेजारी खाऊची पुडी? मी इंजिनियर आहे दादा, असली खुळं मला नका सांगू!" समोर उभी असलेली पेइयुन म्हणाली.

"आपल्या तैवानात मोठ्या कारखान्यांतही ठेवतात. हिरवी पुडी ताजी असेपर्यंत यंत्र शहाण्यासारखं वागतं, ताई."

त्याने पुन्हा सोल्डरिंग केलं. दिवा लागेना. घाईत कोपर लागून पुडी कॅमेऱ्याखाली सरकली आणि पडद्यावर तिच्यावरची तारीख भलीमोठी दिसली. मुदत कालच संपली होती.


"थांबा दादा, आता कशाला हात लावू नका!" पेइयुन दाराकडे धावली. "मी ताजी घेऊन येते!"