जॉबरचा कान

नॉर्वेच्या जुन्या डेथ मेटल बँडचा नवा अल्बम आला आणि मृत्युंजयने हेडफोन बाजूला ठेवून स्पीकर लावला.

"अहो, आवाज कमी करा. बाळाची छाती घरघरतेय," मी म्हटलं.

"डॉक्टरांनी दोनदा सांगितलंय, काही नाही म्हणून. तुला जिथं तिथं घरघरच ऐकू येते!" स्पीकरमधला गायक तेव्हा तेच करत होता.

शेवटचं गाणं संपताच मृत्युंजयने आपल्या चॅनेलसाठी निकाल रेकॉर्ड केला, "दहापैकी दहा! पेडलवरचे ड्रमरचे दोन्ही पाय ऐका. माणूस नाही, मशीन आहे मशीन!"

माझे सासरे चाळीस वर्षं यंत्रमागांचे जॉबर होते, बिघडलेले माग दुरुस्त करायचे. कुठला माग बिघडलाय ते नुसत्या आवाजावरून ओळखायचे. दारात बसूनच ते म्हणाले, "मशीन हाय खरं. पण डावा पाय घासतोय की त्याचा."

"अप्पा, हा चादरीचा माग नाही," मृत्युंजय हसला.

पंधरा दिवसांनी बँडने दौरा रद्द केला. ड्रमरच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं.

मृत्युंजयने बातमी मोठ्यानं वाचून दाखवली. मी लगेच बाळाला उचललं आणि छातीशी धरूनच सासऱ्यांच्या कानाशी नेलं. "मामा, ऐका बरं. खरं काय ते सांगा."

मृत्युंजयने न सांगता स्पीकर बंद केला.

डोळे मिटून सासऱ्यांनी बराच वेळ ऐकलं.

"नातीचं झकास चाललंय," ते म्हणाले. "ही धडधड तुझी हाय, पोरी."