बापाचा शब्द

जन्मभर रूढींविरुद्धच्या मोर्चांच्या पुढे राहून घसा फोडलेल्या वडिलांच्या कानावर बंद खोलीतून लेकाचा नवा रॅप पडला. उद्या परंपरावाद्यांच्या सभेत तो गायचा होता.

"रीत जुनी सोडायची नाही,
बापाचा शब्द मोडायचा नाही!"

वडिलांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून दाराला लावलेली गादी ढकलून ते आत घुसले. "माझ्या घरात असली थेरं चालणार नाहीत. बंद कर!"

लेकानं निमूटपणे माईक बंद केला आणि वायर गुंडाळायला घेतली. "बरं बाबा. सभेलाही नाही म्हणून कळवतो."

वडिलांनी त्याच्या हातातली वायर हिसकावली. मग कडाडले, "खबरदार! तीन पिढ्या या घरात कुणी बापाचं ऐकलेलं नाही. तू रीत मोडतोस? लाव तो माईक!"