लाल झेंडी

सहा महिने गोळ्या घेऊनही रिपोर्टमध्ये सुगलाबाईंची गाठ होती तेवढीच निघाली. लेकीचा, शिवलीलाचा, चेहरा पडला.

"वाढली नाही, हे बघा ना," डॉक्टर हसत म्हणाले. "सीडीके नावाची प्रथिनं पेशीला एकाची दोन व्हायला हिरवा कंदील दाखवतात. कॅन्सरमध्ये तो विझतच नाही. ही गोळी तो विझवते. गाठ जागच्या जागी थांबलीय."

"थांबली म्हणजे गेली नाहीच की," शिवलीला पुटपुटली.

होटगीजवळच्या रेल्वे फाटकावर तीस वर्षं नोकरी केलेल्या सुगलाबाई पदर खोचून ताडकन उठल्या.

"खुळी हायस का गं? फाटकात उसाचा ट्रॅक्टर अडकला, तवा लाल झेंडी घिऊन मी रुळावरनं गाडीच्या समोर पळत सुटले. इंजिन धा पावलांवर थांबलं. ते बी कुटं गेलं न्हवतं, तितंच घुरघुरत हुबं हुतं."

"मग?"

"मग काय! ट्रॅक्टरवरची सात माणसं घरी जाऊन पोटभर जेवली. चल, मला बी लई भूक लागलीया."