डाव्या हाताची नाडी

“त्या महालिंगप्पाच्या घरात म्या पाय ठेवणार न्हाय!” विरुपाक्ष वैद्यानं औषधांचा बटवा भिंतीवर भिरकावला. “त्याची सून जगू दे, न्हायतर मरू दे!”

त्याच्या बायकोनं, नागम्मानं, बटवा उचलून पदरानं पुसला. तिच्यापुढचं ताट तसंच होतं. भाकरीला हातही लागला नव्हता.

दोन महिन्यांपूर्वी श्रीमंत नावाचा त्यांचा एकुलता एक मुलगा निजामाची हद्द ओलांडून पलीकडच्या स्वातंत्र्यसैनिकांच्या कॅम्पाला निघाला होता. ओढ्याकाठी पोलिसांनी त्याला गाठलं. गोळीबार झाला. पुढं त्याचा पत्ता नाही, जिवंत असल्याचा नाही की मेल्याचा नाही. त्याची वाट पोलिसांना दाखवली ती महालिंगप्पानं, असं सगळं बेंबळी गाव बोलत होतं. सरकारी अंमलदारांना घरी बोलावून पंगती घालणारा माणूस तो, दुसरं कोण सांगणार? तेव्हापासून नागम्मा दिवसाला चार घासांवर आली होती. आणि पोरगा जिवंत असला तर घरी येईलच, म्हणून वैद्याच्या ओट्यावर एक बंदूकवाला जवान बसवलेला होता. वैद्य कुठंही निघाला की जवान मागं.

“अवो, दहा दिवसांची बाळंतीण हाय ती,” नागम्मा म्हणाली. “छाती धडधडतीया म्हणं. तिची काय चूक? आपल्या श्रीमंतालाबी लहानपणी असंच व्हायचं. तुमीच तर त्याला शिकवलं, कसं सावरायचं ते. तिलाबी सांगा. त्याच्या नावानं जावा.”

मुलाचं नाव निघालं आणि वैद्याचा नाइलाज झाला. दातओठ खात तो निघाला.

महालिंगप्पा दारातच हात जोडून उभा होता. “सकाळधरनं तिसऱ्यांदा झालं, वैद्यबुवा. घाम फुटतोय, हातपाय गार पडत्यात. आता मरतेच म्हणती.”

“दुसऱ्याचं लेकरू मारायला निघालास तवा तुझं काळीज धडधडलं न्हाय व्हय रे?”

महालिंगप्पानं मान खाली घातली. त्या गप्प बसण्यानं वैद्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. निदान नाही तरी म्हण, मेल्या!

बाळंतिणीच्या खोलीत ओव्या-शेपांची धुरी कोंडली होती. बाजेभोवती जुन्या लुगड्याचा पडदा होता. वारा लागू नये, दृष्ट लागू नये म्हणून असा पडदा घरोघर बांधतात. जवान उंबऱ्यापाशी टेकून उभा राहिला. माजघरात लेकरू टाहो फोडत होतं आणि महालिंगप्पाची बायको चन्नम्मा त्याला खांद्यावर घेऊन थोपटत होती.

“हात दे, पोरी,” वैद्य म्हणाला.

पडद्याखालून बांगड्या भरलेला उजवा हात बाहेर आला. वैद्यानं मनगटावर तीन बोटं टेकली. नाडी उधळलेली होती. चार ठोके धावायचे, पाचवा चुकायचा.

वैद्याची बोटं तिथंच थांबली. जवानानं मान वाकडी करून आत पाहिलं.

“डावा!” वैद्य एकदम ओरडला. “बाईमाणसाची नाडी डाव्या हाताची बघत्यात, एवढीबी अक्कल न्हाय ह्या घरात? डावा हात काढ!”

हात झटक्यात आत गेला आणि डावा बाहेर आला. वैद्यानं त्यावर पुन्हा तीन बोटं टेकली.

“गुस्सा थूक दो, हकीमसाब,” जवान हसला.

“तुझ्या बापाचं काय जातंय?” वैद्य त्याच्यावर खेकसला आणि पडद्याकडं वळला. “ऐक. मरत न्हाईस तू. काळजाला रोग न्हाय, भ्यानं त्ये पळतंय. मांडी घाल. लिंगपूजेला बसतीस तशी बस. डावा तळवा छातीम्होरं धर. नजर तळव्यावर, दुसरीकडं न्हाय. आन् श्वास...”

श्वास कसा सोडायचा ते अजून सांगायचंच होतं. पडद्याआड मात्र एक लांबलचक श्वास सुटला. मग दुसरा. मग तिसरा.

वैद्यानं काही वेळ डोळे मिटून घेतले. मग तो उठला आणि महालिंगप्पाच्या अंगावर धावून गेला.

“माझं घर खाल्लंस तू! चावडीवर उभा राहून सांगीन, ह्यो गद्दार हाय! तुझ्या दारातलं पाणीबी कुणी पिणार न्हाय, बघ!”

“सांगा,” महालिंगप्पा एवढंच म्हणाला. “म्या कवा नको म्हनलो?”

“सांगणारच! आन् हिला पोटभर खायला घाल. म्हैनाभर पडद्याच्या भायेर पाऊल टाकायचं न्हाय. कुणी किती बी बोलावलं तरी न्हाय. वैद्याचा हुकूम हाय!”

गल्लीतली माणसं दारात येऊन ऐकत होती. जवान पोटभर हसत होता. एवढा तमाशा त्याला फुकट कुठं बघायला मिळणार? घरी पोचेपर्यंत वैद्याचं तोंड बंद झालं नाही. भेटेल त्याला थांबवून तो महालिंगप्पाचा उद्धार करत राहिला. त्याचे डोळे लाल झाले होते, गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या.

जवान ओट्यावर जाऊन बसला. वैद्य आत आला आणि त्यानं स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

“कशी हाय सून?” नागम्मानं विचारलं.

वैद्य तिच्यासमोर बसला. त्यानं ताटातली भाकरी मोडली, आमटीत कुस्करली आणि घास तिच्या ओठांपाशी धरला.

“जेव,” तो अगदी हळू म्हणाला. “पाचवा ठोका अजून चुकतोय. पर श्वास सोडायचं विसरला न्हाय तुझा ल्योक.”